घोटभर

वजनकाट्यावर चढण्याआधी पप्पा चपला काढतात, खिशातला रुमाल माझ्या हातात देतात, मग चष्मा काढून तोही देतात. चष्म्याचं वजन ते किती, पण आकडा खरा यावा असं त्यांना वाटतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार असा आमचा डायलिसिसचा नेम. गेल्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी काट्यावरचा आकडा नेहमीपेक्षा सव्वा किलोनं जास्त आला. टेक्निशियन मुलगा भला आहे. त्यानं आकडा वहीत लिहिला, वर पाहिलं आणि विचारलं, "काका, पाणी जास्त झालं का ओ?" पप्पांना कमी ऐकू येतं, पण ओठ वाचता येतात. ते म्हणाले, "नाही की. रोजच्याएवढंच." मी हातातला चष्मा ओढणीनं पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

पाणी मीच दिलं होतं.

त्या दिवशी रिक्षातून परत येताना आम्ही दोघं दोन बाजूंना बघत होतो. सोलापूरच्या सात रस्ता चौकात सिग्नलला रिक्षा थांबली, शेजारी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, घुंगरं वाजत होती. एरवी पप्पा अशा वेळी काहीतरी बोलतात, निदान "ऊन बघ" एवढं तरी. त्या दिवशी बोलले नाहीत. माझे वडील चाळीस वर्षं मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, शब्बाथ शाळा घेत होते, रविवारी पोरांना बायबल शिकवत होते. पाच पैशांचा हिशेब चुकला तर अर्पणाच्या थैलीत स्वतःचे पाच पैसे टाकणारा हा माणूस. त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा खोटं ऐकलं, आणि ते माझ्यासाठी बोललेलं होतं. हे मला वर्षभर सलतंय, म्हणून लिहितेय.

मूत्रपिंडं थकली की शरीरातलं पाणी शरीरातच राहतं. लघवी जवळजवळ बंद होते, प्यायलेला प्रत्येक घोट साठत जातो, आधी पावलं सुजतात, मग हृदयावर भार येतो, मग पाणी छातीत उतरतं. मशीन चार तासांत ते ओढून काढतं, पण एका वेळी किती ओढायचं यालाही मर्यादा असते. म्हणून मोजून प्यायचं. सुरुवातीला डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसाला 1 लिटर. चहा, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचं पाणी, सगळं त्यातच धरायचं. पप्पा त्यांच्यासमोर बसले होते, पण डॉक्टर मान खाली घालून लिहिता लिहिता बोलले, त्यामुळे ओठ दिसले नाहीत. बाहेर आल्यावर पप्पांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ नीट हलवत सांगितलं, "पाऊण लिटर. आणि बर्फसुद्धा नाही."

बर्फाविषयी डॉक्टर काहीच बोलले नव्हते. पाऊण तर नाहीच म्हणाले. मी भीतीनं पाव लिटर आधीच कापून ठेवलं. चुकून कधी जास्त झालं तरी आत राहील, असा विचार. तेव्हा मला तो शहाणपणा वाटला होता.

मग घरात एक प्लास्टिकची बाटली आली. तिच्यावर मी चिकटपट्टीच्या खुणा केल्या: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. पप्पा गिरणीत साच्यावर होते. विणकाम खात्यात शेकडो माग एकदम धडधडायचे, त्या आवाजातच त्यांचे कान गेले आणि त्या आवाजातच ते ओठ वाचायला शिकले. गिरणी बंद पडल्यावर एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात गेले. खुणेबरहुकूम काम करणं त्यांच्या हाडात आहे. नक्षीचं कार्ड जसं पडेल तसा धागा उचलायचा. बाटलीचंही त्यांनी तसंच केलं. तीन वर्षं चिकटपट्टीची खूण ओलांडली नाही. शेंगांची चटणी सोडली, लोणचं सोडलं, नारळपाणी सोडलं, केळी आणि आंबे सोडले. तक्रार म्हणून नाही, पण एकदा एवढंच म्हणाले, "चटणीशिवाय कडक भाकरी म्हणजे नुसता आवाजच की गं."

सोलापूरचा मे ज्यानं काढलाय त्याला उन्हाचं वेगळं सांगायला नको. पारा 43 वर गेला की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पत्र्यावरून झळा खाली उतरतात आणि घरातली भांडीसुद्धा हाताला गरम लागतात. त्या बुधवारी लाईट गेली होती. पप्पा खाटेवर उशी पाठीला लावून बसले होते. दुपारच्या खुणेपर्यंतचं पाणी बारा वाजताच संपलं होतं. कोपऱ्यात माठ, त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं, त्या पोत्याचा तो ओल्या मातीचा वास सगळ्या खोलीत. पप्पा माठाकडे बघत होते. मागत नव्हते, नुसते बघत होते. जीभ टाळूला चिकटते असं बायबलच्या स्तोत्रात वाचलं होतं, तिथंच खापरासारखी सुकलेली शक्ती असाही शब्द आहे. त्यांनी ओठ उघडले तेव्हा मला तो चिकटलेला आवाज ऐकू आला.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "पप्पा, डॉक्टर खरंच असं म्हणाले होते का, की उन्हाळ्यातही एवढंच प्यायचं?"

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. म्हणाले, "मला काय ठाऊक? ऐकलंस तू. तूच सांग."

मी सांगितलं. ते पावसाळ्यात म्हणाले होते. आता घामातून जातंच की. आणि खरं सांगायचं तर ते पाऊण नव्हते म्हणाले, लिटर म्हणाले होते, मीच कमी सांगितलं होतं. असं म्हणत मी ग्लास भरला. पप्पांनी दोन्ही हातांनी धरला. पहिला घोट त्यांनी तोंडात किती वेळ धरून ठेवला, डोळे मिटून, आणि मग त्यांच्या गळ्याचं हाड हलताना मी पाहिलं. इतकं समाधान मी त्यांच्या तोंडावर आईच्या मागे पाहिलं नव्हतं. तो ग्लास तसा हिशेबात बसणाराच होता. म्हणून तर तो इतका सहज दिला गेला.

माझं वाक्य मला ऐकू आलं ते रात्री, झोपताना. अंगावर काटा आला. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते, पप्पांच्याच तोंडून.

शब्बाथ शाळेत त्यांच्याकडे फ्लॅनेलची पाटी होती. लाकडी चौकटीवर ताणलेलं फ्लॅनेल, आणि मागे लव असलेली कागदी चित्रं. चित्र टेकवलं की चिकटायचं. आदाम, हव्वा, झाड, झाडाला विळखा घातलेला साप आणि एक लालभडक सफरचंद. पंख्याच्या वाऱ्यानं सफरचंद नेहमी पडायचं आणि आम्ही पोरं ते उचलायला धावायचो. आमच्याकडे सफरचंद म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं फळ. देवानं आजाऱ्याचं फळ का बरं मना केलं असेल, असं मला वाटायचं. पुढे कळलं की शास्त्रात सफरचंद नाहीच. फळाचं नाव कुठंच दिलेलं नाही. त्या बागेत नाव घेऊन सांगितलेलं झाड एकच, अंजिराचं, आणि तेही फळासाठी नाही, लाज झाकायला पानं लागली म्हणून. लॅटिनमध्ये वाईट आणि सफरचंद हे दोन शब्द जवळपास सारखेच, त्यामुळे पाश्चात्त्य चित्रांत सफरचंद शिरलं असं म्हणतात. आता डायलिसिसच्या पथ्याच्या कागदावर पोटॅशियम कमी असलेल्या फळांत पहिलं नाव सफरचंदाचं आहे. पप्पांना चालणारं ते एक फळ. त्याच्या फोडी करताना मला दर वेळी ती फ्लॅनेलची पाटी आठवते.

पप्पा सापाचं बोलणं सांगताना आवाज बारीक करायचे. मोठ्यानं नाही, धमकावून नाही, अगदी आपुलकीनं. "देवानं खरंच असं सांगितलंय काय, की बागेतल्या कुठल्याच झाडाचं फळ खाऊ नका?" मग थांबून आम्हाला विचारायचे, देव काय म्हणाला होता? आम्ही ओरडायचो, सगळी झाडं खा, एक सोडून! त्यांचा मुद्दा असा असायचा की देवाच्या वाक्यात पहिला शब्द मोकळीक आहे, मनाई नंतर येते, तीही एका झाडापुरती. सापानं मनाई आधी आणली आणि सगळ्या बागेवर पसरली. वाक्य तेच राहिल्यासारखं दिसतं, पण बोलणारा कंजूष होऊन जातो. त्या वयात मला यातलं काहीच कळलं नव्हतं. मला सफरचंद हवं होतं.

आता उत्पत्तीच्या पुस्तकातला तो अध्याय वाचताना माझं बोट दुसऱ्याच ठिकाणी थांबतं. ती आज्ञा झाली तेव्हा हव्वा नव्हतीच. देवानं आदामाला सांगितलं ते दुसऱ्या अध्यायाच्या 17 व्या वचनात, आणि हव्वेला घडवलं ते त्यानंतर. म्हणजे तिला ते वचन ऐकीव मिळालं असणार, मध्ये कुणीतरी माणूस असणार. आणि सापाला उत्तर देताना ती म्हणते की देवानं त्या फळाला स्पर्शही करू नका म्हणून सांगितलंय. स्पर्शाची गोष्ट देवाच्या तोंडी कुठंच नाही. ती कुणी घातली, तिनं की आदामानं, हे लिहिलेलं नाही. पण ज्यानं घातली त्यानं भीतीनं आणि चांगल्याच हेतूनं घातली असेल, हे मी खात्रीनं सांगू शकते. मीही बर्फ असाच घातला होता. पाव लिटर असंच कापलं होतं. डॉक्टरांच्या शब्दाला मी माझ्या हातचं ठिगळ लावलं, आणि ज्या दिवशी ते ठिगळ मीच उसवून दाखवलं त्या दिवशी मूळचं कापडही पप्पांना सैल वाटायला लागलं. पाऊण खोटं निघालं, तर लिटर तरी कशावरून खरं? हे ते बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ग्लास स्वतः पुढं केला.

मोह म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर दारूचा गुत्ता, पत्त्यांचा अड्डा, परक्याचं धन असलं काहीतरी यायचं. प्रवचनांतूनही तेच यायचं. पाण्याच्या ग्लासाचं कुणी बोललं नव्हतं. हव्वेनं पाहिलं ते खायला चांगलं होतं, डोळ्यांना सुंदर होतं, शहाणं करणारं होतं. यातलं एकही वाईट नाही. माझ्या हातातलं पाणी तर देवानंच निर्माण केलेलं, उजनी धरणावरून आलेलं, माठात निवलेलं. आणि मी ते तिरस्कारानं नाही, मायेनं पुढं केलं. हे मला अजून पचत नाही. मला डॉक्टरांचा शब्द मोडायचा नव्हता, मला तो फार कठोर वाटत होता एवढंच. त्यांना काय, ते एसीत बसतात, त्यांना सोलापूरची दुपार काय माहीत, असं मनात येऊन गेलं होतं. तिथंच सगळं झालं होतं, ग्लास नंतर भरला. सांगणाऱ्याला आपली तहान माहीत नाही, आपलं भलं त्याच्या मनात नाही, असं एकदा वाटलं की हात आपोआप माठाकडं जातो.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, आम्हाला परीक्षेत आणू नको. शाळेत असताना मला ते मार्चमधल्या परीक्षेबद्दल वाटायचं आणि मी फार मनापासून म्हणायची. मूळ ग्रीक शब्दात पारख आणि मोह दोन्ही आहे असं पाळकसाहेबांनी एकदा सांगितलं होतं. मराठीत दोन शब्द झाले आणि त्यांची ताटातूट झाली. त्या मे महिन्यात मात्र मला ते एकच वाटत होते. एकाच ग्लासात.

आणि काहीच झालं नाही. हे सांगायला हवं. बुधवारी काही झालं नाही, गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. साप म्हणाला होता तुम्ही खरोखर मरणार नाही, आणि खाल्ल्या दिवशी कोणी मेलं नाही. आदाम 930 वर्षं जगला असं पुढं लिहिलंय. लहानपणी एका मुलानं हे विचारलं होतं तेव्हा पप्पा गप्प बसले होते, आणि पुढच्या रविवारी सांगतो म्हणाले होते. पुढच्या रविवारी त्यांनी पाटीवर आदाम आणि हव्वा यांची चित्रं एकमेकांपासून लांब लावली, मध्ये झाडं लावली, आणि म्हणाले, "बघा, काय मेलं?" मला तेव्हा ते चित्र नीट लावलं नाही असंच वाटलं होतं. त्या मंगळवारी रिक्षात, उसाच्या गुऱ्हाळासमोर, मी डावीकडं आणि पप्पा उजवीकडं बघत असताना मला ती पाटी दिसली.

त्यानंतर तरी थांबावं की नाही? आम्ही थांबलो नाही. खोटं बोलून झाल्यावर पाणी देणं उलट सोपं झालं. आता ते आमच्या दोघांचं होतं. दादाचा पुण्याहून फोन यायचा, "पप्पांचं पाणी सांभाळतेस ना?" मी हो म्हणायची. रविवारी उपासनेहून आल्यावर पप्पांनी शेंगांची चटणी मागितली आणि मी चमचाभर दिली, वर थोडं तेल घालून. त्यांनी कडक भाकरी मोडून त्यात बुडवली. तो कुडकुड आवाज ऐकून मला रडू आलं, आनंदानं. संध्याकाळपर्यंत मिठानं तहान पेटली होती. किती ग्लास झाले ते मी मोजले नाहीत. बाटली ओट्यावर पडून होती. चिकटपट्टीचे कोपरे उन्हानं सुटले होते.

रात्री दोन वाजता नळाला पाणी आलं. आमच्याकडं चार-पाच दिवसांआड पाणी, आणि ते कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे झोपेतसुद्धा कान पाईपाच्या फुसफुशीवर असतो. सगळी गल्ली जागी झाली. मोटारी सुरू झाल्या, कुणाच्या तरी बादल्या घासल्याचा आवाज. मी बॅरल लावलं, हंडे लावले, आधीचं शिळं पाणी तुळशीसारखं जपलेल्या कढीपत्त्याला ओतलं. आतून पप्पांची हाक आली, "कुठंयस गं?" मी म्हटलं, "इथंच आहे. पाणी भरूलाले." त्यांना ऐकू जाणार नाही हे मला ठाऊक होतं. दोन हंडे राहिले होते, म्हणून मी गेले नाही. थोड्या वेळानं पुन्हा हाक आली. या वेळी शब्द तुटले होते. "कुठं... यस?"

तिसऱ्या अध्यायात देवाचं पहिलं वाक्य हेच आहे. तू कोठे आहेस?

मी आत गेले तेव्हा ते खाटेच्या कडेवर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. आडवं होता येत नव्हतं. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि बाहेर बॅरलमध्ये पाण्याची धार पडत होती. दोन्ही आवाज मला एकदम ऐकू येत होते. शेजारच्या काकांनी रिक्षा काढली. नळ बंद करायचा राहिला, तो शेजारणीनं केला असावा. पहाटे तातडीचं डायलिसिस झालं, साडेतीन लिटर पाणी निघालं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि समोर वॉटर कूलर होता, त्याच्याखाली साखळीला बांधलेला स्टीलचा पेला. मला घोटभर पाणी प्यायची हिंमत झाली नाही.

तिथं बसून मला पाण्याच्याच गोष्टी आठवत होत्या. इस्राएल लोकांना रानात पाणी मिळेना तेव्हा ते मोशेवर धावून गेले. त्या जागेचं नाव मस्सा आणि मरीबा पडलं, परीक्षा आणि भांडण. टँकरपाशी घागरी आपटताना बायांना मी पाहिलंय, मरीबा मला समजतो. पण त्यांचा खरा प्रश्न पाण्याचा नव्हता. परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही, हे ते विचारत होते. येशूला रानात 40 दिवसांच्या उपासानंतर सैतान म्हणाला, या दगडांच्या भाकरी कर. आमच्या मराठी शास्त्रात भाकरच लिहिलंय, त्यामुळे सोलापूरच्या पोरांना तिथं ज्वारीची भाकरीच दिसते. पुढं सैतान मंदिराच्या शिखरावर नेऊन खुद्द स्तोत्रातलं वचन सांगतो, आणि येशू त्याला याच मस्साच्या आठवणीतलं उत्तर देतो, परमेश्वराची परीक्षा पाहू नको. तीनही उत्तरं बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातली, रानात तहानेनं तळमळलेल्या त्याच लोकांसाठी लिहिलेली. त्यानं नवीन काही सांगितलं नाही, ठिगळ लावलं नाही, काढलंही नाही. आणि शेवटी वधस्तंभावर तो स्वतः म्हणाला, मला तहान लागली आहे. मिळाली आंब, आंबट द्राक्षारस. एवढं आठवल्यावर मला मोठ्यानं रडू फुटलं. सांगणाऱ्याला तहान माहीत नाही असं मी म्हटलं होतं.

सकाळी डॉक्टर आले. फाईल बघून म्हणाले, "किती प्यायलात?" पप्पा ऑक्सिजनची नळी बाजूला करून म्हणाले, "मी मागितलं. ती नको म्हणत होती." मी म्हणाले, "नाही डॉक्टर. त्यांनी मागितलं नाही. मी दिलं." बागेत आदामानं हव्वेकडं बोट केलं आणि हव्वेनं सापाकडं. आम्ही उलटं करत होतो, आणि पप्पांचं बोलणं तरीही खोटंच होतं. डॉक्टर रागावतील म्हणून मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, पप्पांच्या समोर बसले, ओठ दिसतील असे, आणि हळूहळू म्हणाले, "काका, तहान लागत होती तर मला विचारलं का नाही?"

फाईलच्या वरच्या पानावर त्यांचा फोन नंबर आहे. तीन वर्षं तिथंच आहे. मी आणि पप्पा त्यांच्या शब्दाविषयी इतकं बोललो, त्याचा अर्थ लावला, त्याला वाढवलं, घटवलं, ऋतू लावला. त्यांना विचारावं असं एकदाही मनात आलं नाही. बागेतही कुणी विचारलं नाही. संध्याकाळी शिळोप्याच्या वेळी देव तिथं फिरायला येत होता, म्हणजे भेट काही अवघड नव्हती. सापाशी देवाविषयी चर्चा झाली, देवाशी कुणी बोललं नाही. मी कित्येकदा तो अध्याय वाचलाय, आणि ही गोष्ट मला एका डॉक्टरांच्या प्रश्नानं दिसली.

मग त्यांनी सांगितलं. तहान पाण्यानं कमी मिटते, मीठ कमी केल्यानं जास्त मिटते. लहान वाटीनं प्यायचं, ग्लासानं नाही. चूळ भरून टाकायची. लिंबाची फोड चोखायची. आणि बर्फाचा छोटा खडा चालतो, मोजून, तोंडात बराच वेळ राहतो. बर्फ ऐकल्यावर पप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी नजर वळवली नाही. फार अवघड गेलं, पण नाही वळवली.

घरी आल्यावर मी बाटलीवरच्या जुन्या चिकटपट्ट्या काढल्या आणि पप्पांसमोर, मापानं मोजून, 1 लिटरची खूण केली. पेन त्यांच्याच हातात दिलं. दावीद राजाची एक गोष्ट त्यांनी त्या रात्री सांगितली. बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचं पाणी प्यावंसं वाटतं असं तो सहज बोलून गेला, आणि तीन शूर शत्रूच्या छावणीतून घुसून ते घेऊन आले. दाविदानं ते प्यायलं नाही, परमेश्वरापुढं ओतलं. मी म्हटलं, एवढ्या मायेनं आणलेलं ओतून टाकलं, त्या तिघांना काय वाटलं असेल? पप्पा बराच वेळ गप्प होते. म्हणाले, "मला ते जमलं नाही बाई. तू दिलेलं ओतायला मला जमलं नाही."

यावर मी काय बोलणार होते.

परवा मंगळवारी पुन्हा काटा. पुन्हा मे, पुन्हा 43. पप्पांनी चपला काढल्या, रुमाल दिला, चष्मा दिला. आकडा थोडा जास्त होता. मुलानं विचारायच्या आधीच ते म्हणाले, "रविवारी शंभर मिली जास्त झालं. दुपारी. हिला माहीत आहे." मुलानं ते वहीत लिहिलं. पप्पांनी आकडा स्वतः वाचायला चष्मा परत मागितला.

मशीन सुरू झालं की त्यांना थंडी वाजते. रक्त बाहेर फिरून येतं, वर एसी. बाहेर डांबर वितळत असतं आणि आत आम्ही सोलापुरी चादर घेऊन जातो. आदाम आणि हव्वा यांना बागेबाहेर पाठवण्याआधी देवानं त्यांच्यासाठी कातड्याची वस्त्रं केली आणि त्यांना घातली, असं एक छोटं वचन आहे. फ्लॅनेलच्या पाटीवर त्याचं चित्र नव्हतं. मी चादर त्यांच्या खांद्यापर्यंत ओढली. फिस्टुलाचा हात, ज्यात मशीनच्या सुया टोचतात तो, बाहेर ठेवायचा असतो, तो ठेवला. मोकळ्या हाताची बोटं ते चादरीवरून फिरवत होते, डोळे मिटून, साच्यावर फिरवायचे तशी. एका ठिकाणी बोट थांबलं.

"इथं ताणा तुटलाय," ते म्हणाले. मग नखानं चाचपून, "गाठ मारून पुढं नेलाय कुणीतरी."